पद्मिनीच्या काचेवर पाणी येत नाही, नवी मोटर बसवूनही! मदत हवी

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. गाडी आहे प्रीमियर पद्मिनी, १९८९ चं मॉडेल. बाबांनी २००१ साली सेकंड हँड घेतली तेव्हापासून घरातच आहे. बाबा वाईला, मी पुण्यात. गेल्या रविवारी गाडी घेऊन दोघं वाईला निघालो होतो. खंबाटकी चढताना वळवाचा पाऊस नुकताच पडून गेलेला. पुढच्या ट्रकच्या चाकातून चिखलाचा असा फवारा आला की अख्खी काच तपकिरी झाली. बाबांनी वायपर लावला आणि वॉशरचं बटण दाबलं. पाणी आलंच नाही. वायपरने तो चिखल काचभर सारवून ठेवला. चार-पाच सेकंद पुढचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं, डावीकडे कठडा. बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढून गाडी कडेला घेतली. माझे हात अजून आठवलं की गार पडतात.

तर प्रश्न. या गाडीत आधीच्या मालकाने बाजारातला टाकी आणि मोटरचा सेट बसवलेला आहे. प्लास्टिकची बाटली, तिच्या बुडाशी छोटी मोटर, डॅशबोर्डखाली दाबायचं बटण. बटण दाबलं की आवाजही येत नाही. मी मल्टिमीटर लावून बघितला: मोटरची पिन काढून, बटण दाबून, पिनेवर १२.४ व्होल्ट. म्हणजे करंट येतोय, मोटर गेली, असं समजून ३५० रुपयांची नवी मोटर आणून बसवली. तीही मुकी! दुकानदार म्हणतो मोटर चांगली आहे, परत घेणार नाही.

पाऊस पंधरा दिवसांवर आलाय आणि बाबा गाडी चालवायचं थांबणार नाहीत. कुठून सुरुवात करू?

रुमाल_टाकतो

माझ्याही गाडीला हाच आजार. रुमाल टाकून ठेवतो.

चिंचवडचा_पाना

फ्यूज बघितला का?

कृष्णाकाठची

हो, फ्यूज उडालेला नाही. पट्टी सलग दिसते. आणि फ्यूज गेला असता तर १२.४ व्होल्ट आले नसते ना?

निवृत्त_फोरमन

ताई, पहिली गोष्ट. जुनी मोटर फेकली नसेल तर ती काढून टेबलावर घ्या. बॅटरीपासून दोन वायरी थेट तिला लावा, बटण नाही, फ्यूज नाही, काही नाही. दोन सेकंद पुरे, कोरडी जास्त फिरवू नका. फिरली तर तुमची जुनी मोटरसुद्धा निर्दोष आहे आणि दोष वायरिंगमध्ये आहे. ही परीक्षा नवी मोटर आणायच्या आधी करायची असते. आता केली तरी चालेल.

दुसरी गोष्ट. ते १२.४ व्होल्ट विसरून जा. मोटर काढून घेतलेलं ते रीडिंग आहे. मोटर जोडलेली असताना, बटण दाबून धरून, मोटरच्याच दोन टोकांवर किती व्होल्ट येतात ते सांगा.

मीटरधारी

फोरमनसाहेब, हे पटलं नाही. मीटर १२.४ दाखवतोय म्हणजे तिथपर्यंत १२.४ पोचतायत. मीटर खोटं कशाला बोलेल? माझ्या मते नवी मोटरच सदोष असणार. या बाजारातल्या मोटरी दहातल्या दोन बंदच निघतात.

निवृत्त_फोरमन

मीटर खरंच बोलतो. आपण त्याला अर्धाच प्रश्न विचारतो.

सोसायटीच्या नळाचं उदाहरण घ्या. गच्चीवरची टाकी भरलेली आहे, पण मधल्या व्हॉल्व्हमध्ये वाळू अडकलीय. नळ बंद असताना नळाच्या तोंडाशी दाब मोजला तर तो पूर्ण भरेल, कारण पाणी वाहतच नाहीये. नळ उघडला की करंगळीएवढी धार. अडथळा कळतो तो पाणी वाहायला लागल्यावरच.

डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम. म्हणजे १२ व्होल्टवर तो ॲम्पिअरचा दहा लाखावा भाग ओढणार. एवढ्याशा करंटला कळकलेला काँटॅक्टही वाट देतो. वॉशरची मोटर दोन-तीन ॲम्पिअर मागते. तेव्हा त्याच काँटॅक्टवर सगळे व्होल्ट खर्च होऊन बसतात.

मीटरधारी

नळाचं उदाहरण पटलं. मग मीटर न वापरता तपासायचं कसं?

निवृत्त_फोरमन

इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, होल्डरसकट दोन वायरी जोडा. १२ व्होल्टवर तो पावणेदोन ॲम्पिअर ओढतो, म्हणजे जवळजवळ मोटरएवढंच काम करून घेतो. मोटरच्या पिनेवर तो लावून बटण दाबा. झगझगीत लागला तर लाईन चांगली. मिणमिणला किंवा लागलाच नाही तर लाईनमध्ये अडथळा. आम्ही शॉपमध्ये मीटरच्या आधी हा दिवाच हातात घ्यायचो. मात्र टेस्टर म्हणून मिळतो तो एलईडीचा पेन घेऊ नका. त्याला करंट लागतच नाही, तो कळकलेल्या लाईनवरही आनंदाने पेटतो.

वाकडी_वाट

एवढा खटाटोप कशाला? मी बिसलेरीची बाटली झाकणाला भोक पाडून दारात ठेवतो. गाडी थांबवायची, काचेवर पाणी मारायचं, पुढे निघायचं. वीस वर्षं चाललंय.

खेडशिवापूर

वाकडी_वाट, ताईंनी वर काय लिहिलंय ते परत वाचा. घाटात, वळणावर, मागे कंटेनर असताना थांबणार कुठे? वॉशर लागतो तो थांबता येत नाही तेव्हाच. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ एकत्र काचेवर येतं, त्यावर नुसता वायपर म्हणजे लोणी फासल्यासारखं होतं.

वाकडी_वाट

हे मान्य. घाटाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

जुनंतेसोनं

माझ्याकडे मॉरिस मायनर आहे, पन्नासच्या दशकातली. तिच्यात वॉशर बसवताना मी वेगळ्याच खड्ड्यात पडलो होतो, ते सांगतो म्हणजे कुणाचा तरी दिवस वाचेल.

त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असतो. म्हणजे बॅटरीची अधिक बाजू बॉडीला. मी सवयीने मोटरची काळी वायर बॉडीला आणि लाल वायर बटणाला जोडली. मोटर फिरायची, आवाज मस्त, पण पाणी काचेच्या तळापर्यंत जेमतेम पोचायचं. या मोटरींमध्ये कायम चुंबक असतं, त्यामुळे वायरी उलट्या झाल्या की मोटर उलटी फिरते. पंख्याची पाती उलटी फिरली तरी थोडं पाणी ढकलतातच, म्हणून चूक लगेच कळत नाही. वायरी बदलल्या आणि पाणी टपापर्यंत गेलं.

पद्मिनीला निगेटिव्ह अर्थ असतो, तेव्हा ताईंना हा प्रश्न नाही. पण आवाज येतो आणि जोर नाही, अशी तक्रार कुणाची असेल तर आधी हे बघा.

बीटलवाला_पणजी

गोंयकाराचो नमस्कार! मंडळी, तुम्ही मोटरीवर एवढं बोलताय, माझ्या बीटलमध्ये मोटरच नाही. साठच्या दशकातल्या शेवटच्या शेवटच्या बीटलमध्ये काचेवरचं पाणी चालतं स्टेपनीच्या हवेवर! पुढच्या डिकीत स्टेपनी, तिच्या व्हॉल्व्हपासून एक नळी पाण्याच्या टाकीला. बटण दाबलं की टायरमधली हवा पाण्याला ढकलते. स्टेपनीत ४२ पीएसआय भरून ठेवायची. हवा साधारण २६ पर्यंत उतरली की व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, म्हणजे वॉशरने स्टेपनी पूर्ण बसवू नये.

माझ्याकडे पाणी येईना तेव्हा मी आठवडाभर नोझल साफ करत बसलो. शेवटी कळलं, पंक्चरवाल्याच्या पोराने स्टेपनी तपासली आणि चांगुलपणाने हवा ‘बरोबर’ करून २४ ठेवली!

रुमाल_टाकतो

बीटलवाले दादा, हे वाचून मी घरात मोठ्याने हसलो आणि बायकोला वाचून दाखवलं. म्हणजे काच धुवायला पेट्रोल पंपावर हवा भरायची!

कुर्लेकर

धागा पद्मिनीचा आहे म्हणून राहवत नाही. मी कुर्ल्यात वाढलो, प्रीमियरचा कारखाना आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. फियाट ११०० डिलाइट, मग १९७२ ला प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं तेच इंजिन, स्टिअरिंगजवळचा तोच हँड गियर. सकाळच्या भोंग्यावर आमच्या चाळीतली घड्याळं लावली जायची. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली त्या दिवशी मी मुद्दाम लेकाला घेऊन टॅक्सी स्टँडवर गेलो होतो. मिळाली नाही. बाबांची गाडी जपा, ताई.

खेडशिवापूर

कुर्लेकर, मग १९७४-७५ च्या पद्मिनी आता पन्नाशीच्या झाल्या! २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, १० वर्षांची मुदत. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच.

कुर्लेकर

म्हणून तर बाबांची १९८९ चीच बरी. रोज रस्त्यावर दिसते तरी.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोलत बोलत काम केलं, गाडी सध्या माझ्याकडे पार्किंगमध्ये आहे.

जुनी मोटर टेबलावर बॅटरीला लावली. फिरली! घर्रर्र करून बोटावर पाण्याचे दोन थेंब उडवले तिने. बाबा पलीकडून म्हणाले, “बघ, तिचं काही चुकलं नव्हतं.”

मग नवी मोटर जोडून, बटण दाबून, मोटरच्या टोकांवर मीटर लावला: ३.१ व्होल्ट. पिन काढली की परत १२.४. फोरमनकाका, तुमचा वाळूचा व्हॉल्व्ह सापडायचाय फक्त.

निवृत्त_फोरमन

शाब्बास! आता अडथळा कुठे आहे ते मीटरच सांगेल. मोटर जोडलेलीच ठेवा, कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगा.

आधी अर्थिंग. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी मोटरच्या काळ्या वायरीवर. इथे ०.२-०.३ च्या आत यायला हवं. मग दुसरी बाजू: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं मोटरच्या लाल वायरीवर. सगळे हरवलेले व्होल्ट या दोनपैकी एका रस्त्यावर सापडतील. ज्या बाजूला सापडतील त्या बाजूने एक एक जोड मागे मागे जात मोजा. बटणाच्या अलीकडे-पलीकडे, फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे. जिथे मीटर एकदम उडी मारेल तिथे थांबा.

दर वेळी बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि टाकीत पाणी असू दे. कोरडी फिरली की आतलं सील जळतं.

नाशिकची_मिसळ

कोरडी फिरण्यावरून माझा अनुभव. आमच्या गाडीचं बटण आत अडकून बसलं होतं आणि कुणाच्या लक्षातच नाही. टाकी रिकामी झाली, मोटर तशीच गरगरत राहिली, घरी पोचेपर्यंत जळका वास. उघडून बघितलं तर आतल्या पंख्याचं प्लास्टिक वितळून चिकटलेलं. बटण दाबल्यावर परत वर येतं का, एवढं बघा सगळ्यांनी.

तारांबळ

वायपर पण मंद झालाय का ताई? एकाच फ्यूजवर असेल तर तिथूनच धागा सापडेल.

कृष्णाकाठची

नाही तारांबळ, वायपर जोरात चालतो. आधीच्या मालकाने वॉशरला फ्यूज बॉक्समधल्या मोकळ्या जागेवरून वेगळी लाईन दिलीय.

तारांबळ

मोकळी जागा? म्हणजे कित्येक वर्षं त्या क्लिपमध्ये फ्यूज नव्हताच, नुसती हवा खात बसलेली पितळी क्लिप. माझा पैसा तिच्यावर.

टोरांटोचा_गारठा

पाण्याबद्दल दोन शब्द. इथे हिवाळ्यात साधं पाणी घातलं तर टाकी, मोटर, नळी सगळं गोठून फुटतं. म्हणून मेथॅनॉल घातलेलं निळं द्रव मिळतं, उणे ४० पर्यंत न गोठणारं. विषारी असतं, मुलांपासून लांब ठेवावं लागतं. तुमच्याकडे त्याची गरज नाही. पण नुसतं पाणी महिनोन्महिने टाकीत ठेवू नका. ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेने २०१० मध्ये केलेल्या अभ्यासात वॉशरमध्ये नुसतं पाणी वापरणाऱ्यांमध्ये लीजनेअर्स हा न्यूमोनियासारखा आजार जास्त आढळला होता. कोमट साचलेल्या पाण्यात ते जंतू वाढतात आणि फवाऱ्याबरोबर आत येतात. त्यामुळे वॉशरचं तयार द्रव थोडं तरी घालावं.

मीटरधारी

कपडे धुवायची पावडर घातली तर? आमचा ड्रायव्हर घालायचा.

नाशिकची_मिसळ

नको नको. फेस होतो, वायपर फेस फासत बसतो, आणि वाळल्यावर नोझलमध्ये पांढरा थर. बोअरचं पाणी पण नको, त्याने तर नोझल महिन्यात चुनखडी होतं. घरातल्या आरओचं पाणी उत्तम.

चिंचवडचा_पाना

आरओच्या सांडपाण्याच्या नळीतलं घेऊ नका मात्र. क्षार सगळे त्यातच जातात. आमच्या शेजाऱ्यांनी पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने तेच भरलं होतं.

जुनंतेसोनं

एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. जुन्या गाडीला मूळचाच वॉशर असावा असं मला वाटतं. इटलीतल्या त्या काळच्या फियाट ५०० आणि ६०० मध्ये डॅशबोर्डवर रबरी बटणाचा हातपंप असायचा. अंगठ्याने दाबलं की पाणी काचेवर. वायर नाही, फ्यूज नाही, मोटर नाही. बिघाड फक्त दोन: रबर कडक होऊन चिरतं, किंवा आतली एकमार्गी झडप कचऱ्याने उघडी राहते आणि दाबलेलं पाणी टाकीतच परत जातं. दोन्ही हाताने दुरुस्त होतात. तुम्ही त्यापेक्षा असा पंप शोधा.

खेडशिवापूर

जुनंतेसोनं, तुमचं गाडीप्रेम मला माहीत आहे, पण इथे सहमत नाही. बाबा सत्तरीच्या आसपास असतील. घाटात एका हाताने हँड गियर, एका हाताने स्टिअरिंग, आणि डॅशबोर्डवर पंप मारायला तिसरा हात? बोटाखालचं बटण हवं. प्रदर्शनाची गाडी वेगळी, रस्त्यावरची वेगळी.

कृष्णाकाठची

बाबा ७३ चे आहेत. आणि हो, तिसरा हात नाही त्यांना :-)

जुनंतेसोनं

मान्य. बाबांच्या सुरक्षेपुढे माझा हट्ट नाही. विजेचीच ठेवा.

कृष्णाकाठची

मंडळी, सापडलं!!

आज शेजारच्या शाळकरी मुलाला बटणावर बसवलं. मी मीटर घेऊन. अर्थिंगच्या बाजूला ०.२ व्होल्ट, म्हणजे ठीक. पॉझिटिव्हच्या बाजूला ९.१! मोटरवर ३.१ आणि हे दोन मिळवले की बरोब्बर १२.४. मला शाळेतलं गणित जुळल्यासारखा आनंद झाला. मग मागे मागे आले. बटणावर ०.३. फ्यूज बॉक्सपाशी आल्यावर फ्यूजच्या अलीकडच्या वायरीवर एक टोक आणि पलीकडच्या वायरीवर दुसरं: ८.६ व्होल्ट. सगळे व्होल्ट एवढ्याशा जागेत खर्च होत होते! सहज बोट लावलं तर क्लिपचं टोक चटका बसण्याइतकं गरम.

फ्यूज काढला. पद्मिनीत ते जुन्या पद्धतीचे फ्यूज असतात ना, दोन्ही बाजूंना टोकदार, चिनीमातीच्या कांडीवर बाहेरून धातूची पट्टी. हा पांढरा, ८ ॲम्पिअरचा. त्याची टोकं काळी पडलेली. आणि ज्या पितळी क्लिपच्या भोकात ते टोक बसतं त्या भोकाच्या कडेला हिरवा कळंक. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक राहिल्यावर आजीच्या घरी जसा धरायचा तसा. क्लिपचा ताणही गेलेला, फ्यूज बोटाने गरगर फिरत होता.

तारांबळ, पैसा तुमचा दुप्पट!

तारांबळ

आज जेवणात गोड करायला सांगतो.

निवृत्त_फोरमन

फार छान काम केलंत. आता नीट ऐका, कारण हे अर्धवट करून चालणार नाही. गरम लागलं म्हणजे ती जागा पेट घेऊ शकते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. मगच क्लिपला हात. बारीक पॉलिश पेपरची, ४०० नंबरच्या वरची, सुरळी करून क्लिपचं भोक आतून घासा, पितळ पिवळं दिसेपर्यंत. मग क्लिप किंचित आत दाबा, फ्यूज कडकन बसला पाहिजे, बोटाने फिरता कामा नये. फ्यूज नवाच घाला, तोच ८ ॲम्पिअरचा. लाल १६ चा किंवा चांदीचा कागद अजिबात नको. क्लिपच्या मागे वायर जिथे जोडलीय ती पिनही काढून बघा, मला वाटतं तीही काळी असेल. शेवटी किंचित पेट्रोलियम जेली, हवा-पाणी दूर राहावं म्हणून.

आणि हे झालं की उरलेले सगळे फ्यूज एक एक काढून तसेच साफ करा. आज वॉशर थांबला, उद्या हेडलाईट थांबेल.

कुर्लेकर

तसे फ्यूज कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या बाजारात सहज मिळतील. पुण्यात नाना पेठेत विचारा.

रुमाल_टाकतो

मी आत्ता खाली जाऊन माझ्या गाडीचा फ्यूज बोटाने फिरवून बघितला. फिरतोय! रुमाल उचलला, पॉलिश पेपर आणायला निघालो.

कृष्णाकाठची

दोन दिवस लिहिता आलं नाही. सांगितलं तसं सगळं केलं. मागची पिन खरंच काळी होती, तीही बदलली. बटण दाबलं, मोटर जोरात फिरली! टोकांवर आता ११.८ व्होल्ट.

पण पाणी... उजव्या नोझलमधून बारीक धार, काचेच्या मध्यापर्यंत. डावीकडे एक थेंब येतो, नोझलच्या टोकाला लोंबतो, बॉनेटवर पडतो. आणि पहिले दोन-तीन सेकंद तर काहीच येत नाही. आता?

नाशिकची_मिसळ

आता वीज संपली, पाणी सुरू. नोझलच्या अलीकडे नळी सोडवा आणि बटण दाबा. नळीतून पिचकारीसारखं पाणी आलं तर मोटर आणि नळी चांगली, नोझल तुंबलेलं. नळीतूनही थेंबच आले तर नळी चेपलीय, किंवा टाकीच्या बुडाशी गाळ आहे. टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, तेही मोकळं आहे ना बघा. ते बंद असेल तर पाणी थोडं येऊन थांबतं आणि बाटली आत चेपायला लागते.

नोझल काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. सुईने कोरू नका. पोलादी सुई मऊ धातूचं किंवा प्लास्टिकचं भोक मोठं करते, मग धार फाटते. वायरीतली एक तांब्याची तार पुरते. ती पाणी बाहेर येतं त्या बाजूनेच आत घाला, म्हणजे कचरा मागे ढकलला जातो, आणि मग उलटं फुंकर मारून काढून टाका.

बीटलवाला_पणजी

आणि ते दोन-तीन सेकंद उशिराचं कारण सांगतो. बटण सोडलं की नळीतलं पाणी टाकीत परत उतरतं. पुढच्या वेळी नळी पुन्हा भरावी लागते. घाटात दोन-तीन सेकंद फार झाले. मध्ये एकमार्गी झडप लावा. माशांच्या टाकीच्या दुकानात हवेच्या नळीसाठी लहानशी मिळते, ४ मिलिमीटरच्या नळीला बसते, वीस-तीस रुपयांत. टी-जॉइंट आणि नळीही तिथेच मिळेल. बाण काचेच्या दिशेने. उलटी लावलीत तर पाणी येणारच नाही आणि तुम्ही परत मल्टिमीटर काढाल!

चिंचवडचा_पाना

माशांच्या दुकानाला +१. आमची पुण्यातली जुनी नळी सलाईनची होती, आधीच्या मालकाचा मेडिकलचा व्यवसाय असणार. उन्हाने कडक होऊन तिच्या जोडाला तडा गेला होता, पाणी सगळं बॉनेटच्या आत. तुमची नळी वाकवून बघा ताई, तडकत असेल तर सगळीच बदला.

मीटरधारी

धागा वाचून मी माझ्या मुलाला नळाचं उदाहरण देऊन समजावलं. त्याने विचारलं, “मग बाबा तुम्ही आधी दोन मोटरी का बदलल्या होत्या?” फोरमनसाहेब, तुमचे आभार. त्या दोन्ही मोटरी माळ्यावर आहेत, उद्या बल्ब आणि बॅटरी घेऊन बसतो.

कृष्णाकाठची

काल गाडी घेऊन वाईला आले.

नोझल रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं. सकाळी वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी. डाव्या नोझलमधून तारेने मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा खडा निघाला. टाकी काढून धुतली, बुडाशी हिरवा बुळबुळीत थर होता, तो बाटली धुवायच्या ब्रशने काढला. नळी नवी, माशांच्या दुकानातली. झडप लावली, बाण दोनदा बघून. आरओचं पाणी आणि थोडं तयार द्रव. झाकणाचं भोक मोकळं केलं, त्यात रंग भरलेला होता.

बटण दाबलं. क्षणात पाणी! इतक्या जोरात की दोन्ही धारा काचेच्या वरून, टपावरून मागे गेल्या आणि पार्किंगमध्ये मागून येणाऱ्या जोशी काकूंच्या भाजीच्या पिशवीवर पडल्या. काकू वर आभाळाकडे बघायला लागल्या. त्यांना सगळं सांगितल्यावर त्याही हसल्या. मग नोझलमधली छोटी गोळी टाचणीने जराशी खाली वळवली. आता धार काचेच्या वरच्या तिसऱ्या भागावर पडते, वायपरची पट्टी तिथूनच जाते.

आणि खंबाटकी. बाबा चालवत होते. नेमका त्याच चढावर परत एक डंपर पुढे. फवारा आला, काच तपकिरी. बाबांनी बटण दाबलं, दोन वेळा वायपर गेला आणि पुढचा रस्ता लख्ख. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त सुरूर फाटा येईपर्यंत मधूनच बटण दाबत राहिले. काच स्वच्छ असतानासुद्धा.

जुनी मोटर पुसून, कागदात गुंडाळून डिकीत ठेवलीय.

निवृत्त_फोरमन

बाबांना नमस्कार सांगा. आणि बाकीचे फ्यूज?

कृष्णाकाठची

सहा झाले काका, दोन राहिलेत. बाबा आत्ता अंगणात पॉलिश पेपर घेऊन बसलेत, मला हात लावू देत नाहीत.